गावच्या माळावर झाडं लावावीत की माळ तसाच ठेवावा? (आटपाडी)

माणगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव आटपाडी तालुक्यात, माण तालुक्याच्या शिवेला लागून. गावाच्या वरच्या अंगाला चाळीसेक एकर गायरान आहे. मुरमाड जमीन, जागोजागी उघडा खडक, मधून एक ओढा. पावसाळ्यात कुसळी, पवन्या, मारवेल गुडघ्याएवढं वाढतं, दिवाळीनंतर वाळतं आणि उन्हाळ्यापर्यंत मेंढरं ते चरून संपवतात. तरुण मंडळानं यंदा जूनमध्ये तिथं पाच हजार झाडं लावायचं ठरवलंय. खड्डे एप्रिल-मेमध्ये जेसीबीनं घ्यायचे. रोपं फुकट मिळणार आहेत, टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, ठिबकचा खर्च एका दात्यानं उचललाय. मंडळातली निम्मी पोरं माझ्या वर्गातली, त्यांच्या हेतूबद्दल मला काडीचीही शंका नाही.

पण त्या माळावर मी बरीच वर्षं पक्षी बघतोय. तिथं डोंबारी चंडोल आहे, माळटिटवी आहे, धाविक आहे. सकाळी पखुर्ड्यांचे थवे ओढ्यातल्या डबक्यावर पाणी प्यायला उतरतात. थंडीत संध्याकाळी भोवत्या (माँटेग्यूचा आणि पांढुरका, दोन्ही) गवतात मुक्कामाला येतात. यातल्या कुणालाच घरट्यासाठी किंवा मुक्कामासाठी झाड लागत नाही. झाडं वाढली की हे सगळे जाणार असं माझं ठाम मत आहे. ग्रामसभेत हे बोललो तर एक आण्णा म्हणाले, "झाडाला नको म्हणणारा पक्षीप्रेमी पहिल्यांदाच बघितला." सगळे हसले आणि विषय तिथंच संपला.

पुढची ग्रामसभा महिन्याभरात आहे. तुमच्या गावात असं काही झालंय का? आणि गावकऱ्यांना पटेल असं काय सांगावं?

प्रीतिसंगम
लावा की झाडं! दरवर्षी ऊन वाढतंय, कऱ्हाडातसुद्धा एप्रिलमध्ये दुपारी बाहेर पडवत नाही. वड, पिंपळ, लिंब, करंज अशी देशी झाडं निवडा, म्हणजे झालं. पक्ष्यांना पंख असतात, ते दुसरी जागा शोधतील. झाडं आली की नवे पक्षीही येतील.

टिटवी
@प्रीतिसंगम, दुसरी जागा कुठली? शेजारच्या गावचा माळही असाच कुणीतरी झाडं लावायला घेतलेला असतो.

गवताळ
हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा, त्यामुळं सविस्तर लिहितो.

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला माण, खटाव. त्यांच्याच पलीकडं आटपाडी. तिथं जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीनं अडवलेल्या ढगांतून जे उरतं तेवढंच. अशा पावसात आणि अशा मुरमात निसर्गानं हजारो वर्षांत जे उभं केलं ते म्हणजे गवत आणि मधूनमधून एखादी बोर, हिवर, तरवड, हेंकळ. तिथं कधीकाळी घनदाट जंगल होतं आणि माणसानं ते तोडलं, म्हणून आता परत लावायचं, हा समज मला सगळीकडं ऐकू येतो. पर्जन्यछायेतल्या बहुतेक माळांच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

घोळ कागदावर आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही आणि लाकूड मिळत नाही ती 'पडीक', ही इंग्रजांच्या महसूल पद्धतीतली नजर. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ माळ मोठ्या प्रमाणावर त्याच रकान्यात आहेत. एकदा पडीक म्हटलं की तिथं काहीही करा, ते सुधारणाच ठरतं.

आता तुमच्या भोवत्यांबद्दल. हे शिकारी पक्षी मध्य आशियातल्या, कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांत वीण करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडं येतात. इथं त्यांचं मुख्य खाणं म्हणजे नाकतोडे आणि टोळ. रात्री ते झाडावर बसत नाहीत. उंच गवतात, जमिनीवर, एकमेकांच्या जवळ झोपतात. म्हणजे त्यांना चारी बाजूंनी मोकळं रान लागतं. झाडांची रांग उभी राहिली की तिच्यात लपून येणारा कोल्हा किंवा कुत्रा त्यांना दिसत नाही.

सगळ्यात काळजीची गोष्ट खड्ड्यांची. माळटिटवी आणि धाविक यांची वीण ऐन उन्हाळ्यात असते. घरटं म्हणजे चार खड्यांमधली खळगी, अंड्यांचा रंग हुबेहूब मुरमाचा. पखुर्डीचंही तसंच. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोट भिजवतो आणि त्या ओल्या पिसांतून पिल्लांना पाणी पाजायला नेतो. तुमच्या ओढ्यातलं डबकं त्यासाठी किती महत्त्वाचं असेल बघा. एप्रिल-मेमध्ये तिथं जेसीबी फिरला तर त्या वर्षीची वीण संपली. चालकाला काही दिसणारसुद्धा नाही.

आणि झाडं हवेतला कार्बन साठवतात, हा मुद्दा कुणी काढायच्या आत सांगतो: गवताळ प्रदेशातला बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तर वरचं गवत जळतं, खालचा साठा टिकतो. झाड जळलं की वरचं सगळं गेलं.

आबा_विटेकर
टिटवीवरून आठवलं. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की त्या साली पाऊस चांगला आणि ओढ्याच्या पात्रात घातली की दुष्काळ, असं आमचे वडील बघून सांगायचे. पेरणीच्या आधी माळावर चक्कर मारायचेच. आता नातवंडांना टिटवी दाखवायला कुठं न्यायचं हा प्रश्न आहे.

खटावची_लेक
मी खटाव तालुक्यातल्या एका वाडीची. गवताळ सरांचं वाचलं, माहिती चांगली आहे. आता माझंही ऐका.

आमच्या शाळेच्या वाटेवर एक झाड नव्हतं. आई लोकांच्यात खुरपायला जायची. दुपारी भाकरी खायला सावली म्हणजे बांधावरची एकुलती एक बाभळ. तिच्याखाली सगळ्या बायका दाटीवाटीनं बसायच्या, आणि ऊन सरकेल तशा सरकायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही टँकरमागं पळायचो. २०१२-१३ च्या दुष्काळात आमचे बैल चारा छावणीत होते आणि वडील तिथंच झोपायला असायचे. आज वाडीत ज्या चिंचा आणि लिंबं उभी आहेत ती बायकांनी डोक्यावरून पाणी नेऊन जगवली आहेत. त्यामुळं "इथं झाडं लावू नका, इथलं मूळ रूप गवतच आहे" असं कुणी सांगितलं की मला राग येतो. ते रूप तुम्हाला थंडीत, सकाळी, दुर्बिणीतून दिसतं. आम्हाला ते मे महिन्यात अनवाणी पायाखाली दिसलंय.

पक्षी जगावेत हे मलाही वाटतं. पण ज्या गावानं पिढ्यानपिढ्या सावली मागितली, त्याला आता पाणी आल्यावर नको म्हणायचं?

टेकडीवाला
ताईंना +१. पोटतिडकीनं लिहिलंय.

गवताळ
ताई, तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे आणि तुमच्या आईनं जगवलेल्या झाडांना हात जोडतो. ती झाडं वस्तीत आहेत, वाटेवर आहेत, बांधावर आहेत. तिथं ती असलीच पाहिजेत, अजून लावली पाहिजेत. माझं म्हणणं फक्त उघड्या गायरानापुरतं. तुमच्या आईला खुरपताना सावली हवी होती. गावापासून लांब, वरच्या माळावर पाच हजार झाडं लावली तरी ती सावली रानात काम करणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. तीच रोपं बांधावर, पाणंद रस्त्याच्या दोन्ही कडांना, शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठी लावली तर?

पलूसचा_मास्तर
सागरेश्वरचं उदाहरण विसरू नका. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून जंगल उभं राहिलं. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज शाळेची मुलं घेऊन जातो तेव्हा चितळ, सांबर, मोर सगळं बघायला मिळतं. लोकांनी तेव्हा "इथं गवतच बरं" म्हटलं असतं तर?

कडेपूरकर
मास्तर, सागरेश्वरचा आम्हालाही अभिमान आहे. पण तो डोंगर आहे, घळी आहेत, आणि जवळपास ११ चौरस किलोमीटर क्षेत्र कुंपण, पहारा आणि अनेक वर्षांची मेहनत घालून राखलंय. चाळीस एकरांत पाच हजार रोपं लावून पहिल्या पावसात फोटो काढले म्हणजे सागरेश्वर होत नाही. आमच्या शेजारच्या गावात असंच लागवडीचं काम झालं. तिसऱ्या वर्षी तिथं उरली ती निम्मी उंदीरमारी (गिरिपुष्प) आणि निम्मी वेडी बाभूळ. गवत गेलं, झाडंही गेली. उंदीरमारीचा पाला आमची जनावरं सहसा तोंडात धरत नाहीत, आणि वेडी बाभूळ तर आता बांधावरून शेतात शिरलीय.

मेंढका
राम राम. आमचा वाडा जत तालुक्यातला. आजा, बाप मेंढरामागं फिरले, मी शिकून सांगलीत नोकरीला लागलो. चुलते अजून फिरतात. माडग्याळी मेंढरं आहेत, राघू नाकाची, उंच पायाची.

या धाग्यावर पक्ष्यांचं झालं, झाडांचं झालं, पण त्या माळावर रोज जे चरतं त्याचं कोण बोलणार? झाडं लावली की पहिलं काम कुंपणाचं. कुंपण झालं की मेंढरांना बंदी. मग मेंढका जाणार कुठं? एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला डाळिंब, तिसऱ्या बाजूला द्राक्ष. पूर्वी पिकं निघाली की शेतकरी स्वतः बोलवायचे, वाघर (जाळीचं कुंपण) लावून रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं. आता टेंभू-म्हैसाळच्या पाण्यानं रानं बारमाही झाली. चांगलंच झालं, शेतकऱ्याचं भलं झालं. पण मोकळं रान उरलं ते गायरान, आणि आता तेही जाणार.

आजा सांगायचा, माळ लय चरला तरी मरतो आणि अजिबात चरला नाही तरी मरतो. गवत वाळून एकावर एक पडलं की खालून नवीन कोंब येत नाही. कुसळीला कुसळं यायच्या आत मेंढरं फिरवायची, कारण कुसळ लोकरीत शिरलं की कातडीत घुसतं. मग एक कड चरायची, दुसरी राखायची. ही राखण आमच्याकडं ठरलेली असायची, कुठं लिहिलेली नव्हती.

लांडग्याचंही सांगतो. माळ आहे तिथं लांडगा आहे. वर्षाला एक-दोन कोकरं नेतोच. आजा त्याला शिव्या द्यायचा आणि लगेच म्हणायचा, "त्याचा वाटा हाय त्यो." आमच्यात लांडग्याला मारायला कोण उठत नव्हतं.

टिटवी
@मेंढका, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. तुमच्या चुलत्यांशी बोलून गवतांची नावं आणि कोणतं कधी चारायचं हे लिहून ठेवा, विनंती आहे.

तासगावची_बाग
पक्षीप्रेमी मंडळी आमच्या बागेत फेब्रुवारीत या, भोरड्या दाखवतो. तुम्ही टाळ्या वाजवा, आम्ही डबे वाजवतो! एका बागेत बुलबुल, साळुंक्या, पोपट आणि वरून भोरड्यांचा थवा उतरला की मण्यांवर चोची मारून घड नासवतात. म्हणून जाळी. जाळीचा एकरी खर्च ऐकून घरचे माझ्याशीच बोलेनात.

आबा_विटेकर
पूर्वी त्या भोरड्या शाळूवर यायच्या. माळा बांधून, वर बसून गोफण फिरवायची पोरं. गोफणीचा आवाज आला की थवा उठायचा आणि पुढच्याच्या शिवारात उतरायचा. तो पुन्हा इकडं पाठवायचा. दिवसभर हाच खेळ, आणि संध्याकाळी बांधावर हुरडा. शाळू कमी झाला, माळे गेले, भोरड्यांनी आता द्राक्ष धरलं.

गवताळ
अवांतर झालंय तर एक भर. याच भोरड्या मध्य आशियात वीण करतात तेव्हा टोळ फस्त करतात. तिथले शेतकरी त्यांच्या येण्याची वाट बघतात. आपल्याकडं त्या पळस, पांगारा आणि सावरीच्या फुलांतला मधही पितात. तासगावच्या दादांनी बागेबाहेर बांधाला पांगारा लावला तर थोडी तरी विभागणी होते का बघावं. जाळी मात्र बारीक आणि ताणून लावा. सैल जाळीत घुबडं अडकतात, आणि बागेतले उंदीर तीच खातात.

तासगावची_बाग
पांगारा लावून बघतो. घुबडाचं खरं आहे, मागं एक गव्हाणी घुबड जाळीत सापडलं होतं, कात्रीनं कापून सोडलं.

सांगली_घाटावरून
मीही थोडं अवांतर. सांगलीत कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर काठावरची बरीच झाडं-झुडपं गेली, मग काही ठिकाणी दगडी पिचिंग झालं. खंड्या आणि वेडा राघू काठाच्या उभ्या मातीत बिळं करून अंडी घालतात. दगड बसवले की बिळाला जागा कुठली? हरिपूरच्या संगमाकडं अजून कच्चा काठ आहे, तिथं दिसतात. इथं काठावर झाडं हवीत, तिथं माळावर नकोत. प्रत्येक जागेचं आपापलं काहीतरी असतं, एवढंच या धाग्यावरून माझ्या डोक्यात बसलं.

प्रीतिसंगम
सगळं वाचतोय. मेंढका यांचा मुद्दा पटला. पण एक व्यवहाराचा प्रश्न. मोकळी जागा मोकळी राहते का? आमच्या ओळखीच्या एका गावात गायरान 'रिकामं' म्हणून सौर प्रकल्पाला गेलं. झाडं असती तर निदान जागा वाचली असती.

विट्याचा_वकील
प्रश्न अगदी योग्य आहे. गायरानाची मालकी शासनाची, व्यवस्थापन ग्रामपंचायतीकडं. वापर बदलायचा तर महसूल खात्याची परवानगी लागते. मंडळानं परस्पर काही करणंही त्यामुळं धोक्याचं. शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या सौर योजनेत अशा जमिनी खरोखर घेतल्या जात आहेत, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज हवी हेही खरं. रात्री साप-विंचवातून पाणी धरायला जाणाऱ्याला विचारा.

पण गावाच्या हातात काही गोष्टी आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दल स्पष्ट निकाल दिलाय. अतिक्रमणाविरुद्ध तो कामी येतो. दुसरं, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक गावांत ती नोंदवही कपाटात असते. माणगंगाकाठ यांनी ती काढून बघावी. माळावरचे पक्षी, गवतं, चराईची पद्धत, पाणवठे हे सगळं त्यात तारखेसह नोंदवून ग्रामसभेत मंजूर करून घ्यावं. उद्या कुणी "इथं काहीच नाही" म्हणालं तर गावाकडं लेखी उत्तर असेल. झाडं लावून जागा अडवायची, तर ज्यासाठी अडवली तेच निघून जातं.

चाळकेवाडीचा_वारा
वीज आणि माळ यावर सातारकरांकडं सांगण्यासारखं आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथं झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या साधारण चौथाई. पक्षी कमी, म्हणून सरडे वाढले. आणि ते सरडेही वेगळे वागू लागले. माणूस बराच जवळ गेला तरी पळत नाहीत, अंगानं बारीक. हे सरडे म्हणजे नराच्या गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारे. विज्ञानाला त्या जातीची नवी ओळख २०१६ मध्ये झाली आणि तीही याच पठारावरून.

सांगायचा मुद्दा, वरून रिकाम्या दिसणाऱ्या जागेत एक गोष्ट उभी केली तर घार-गरुडापासून सरड्यापर्यंत सगळी घडी बदलते. पवनचक्की काय, झाड काय. कासला लोक फुलं बघायला येतात, जागतिक वारसा म्हणून २०१२ पासून त्याचं नाव आहे. तिथंही जांभ्याच्या कातळावर बोटभर माती आहे म्हणून ती फुलं आहेत. कासवर झाडं लावा असं कुणी म्हणत नाही, कारण फुलं फोटोत दिसतात. चंडोलाचं दुर्दैव की तो मातीच्या रंगाचा आहे.

तलावाकाठी
मायणीकडचा आहे. पाण्याबाबतही हेच होतं. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी, कानकात्रे हे तलाव मिळून आता पक्षी संवर्धन राखीव आहे. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखल गाळून खातात. त्यांना गुडघाभर पाणी आणि दलदल लागते. तलाव कोरडा पडला तर ते येत नाहीत, आणि काठोकाठ भरला तरीही उतरत नाहीत. मग पाणकावळे दिसतात, रोहित पुढं जातात. लोक विचारतात, पाणी एवढं आहे आणि पक्षी का नाहीत? पट्टकादंबही तसेच. हिमालय ओलांडून येतात, दिवसा पाण्यावर विश्रांती आणि अंधार पडला की आसपासच्या रानात हरभऱ्याचे शेंडे. त्यांना तलावही हवा आणि तलावाभोवतीचं उघडं रानही. मी तलाव रिकामे ठेवा असं म्हणणार नाही, प्यायचं पाणी आधी. पण तलावाच्या वरच्या अंगाचा उथळ भाग गाळ काढताना तसाच सोडला तरी पुष्कळ.

एक विचारतो: माळावर समतल चर खोदलेत का? आमच्याकडं चरांमुळं विहिरींना पाणी वाढलं, हे नाकारता येत नाही.

माणगंगाकाठ
@तलावाकाठी, ओढ्याच्या वरच्या उतारावर काही चर आहेत. त्याच्या खालच्या विहिरींना फरक पडलाय. मातीच्या भरावावर गवत परत आलंय, मधली जागा तशीच आहे.

खटावची_लेक
वकील साहेबांचं आणि मेंढका दादांचं वाचून बरं वाटलं. पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. माळ राखला तर गावाला काय? ज्या पोरांनी उत्साहानं पाच हजार झाडांचा बेत केला त्यांना "काही करू नका" सांगून घरी पाठवणार? पोरांना काम लागतं.

गवताळ
ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. मला सुचतं ते असं. गवत राखून कापलं तर चारा होतो. चांगल्या राखलेल्या गवताचा लिलाव पूर्वी गावोगाव व्हायचा, त्यातून देवळांचे जीर्णोद्धार झालेत. जवळचं ताजं उदाहरण इंदापुरातलं कडबनवाडी आणि बारामतीतलं शिर्सुफळ. पुणे वनविभागानं तिथं २०२३ पासून गवताळ सफारी सुरू केलीय. लांडगा, खोकड, चिंकारा, भोवत्या बघायला लोक पैसे भरून येतात आणि वाटाडे गावातलीच पोरं. तुमच्याकडून ते अंतर फार नाही, मंडळाला एकदा तिथं घेऊन जा.

पोरांना काम भरपूर आहे. होळीच्या आधी माळाभोवती जाळपट्टा (वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा) काढणं हेच मोठं काम. वणवा मार्चमध्ये लागला तर मुक्कामी पक्षी, अंडी, ससे सगळं जातं. वेडी बाभूळ मुळासकट काढणं, प्लास्टिक वेचणं, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त. आणि ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात शाळेच्या मुलांना तिथं नेऊन नोंदी करणं.

पलूसचा_मास्तर
पक्षी सप्ताहाला मी माझी मुलं घेऊन येतो, माणगंगाकाठ. सागरेश्वर बघितलेल्या मुलांनी माळही बघितला पाहिजे. झाडांबद्दल माझं प्रेम तसंच राहणार, ते सांगून ठेवतो.

माणगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. काल ग्रामसभा झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मंडळाच्या पोरांना घेऊन संध्याकाळी माळावर गेलो. भाषण केलं नाही. दुर्बीण फिरवत ठेवली. एक सापमार गरुड हवेत एका जागी थबकून मग खाली आला आणि धामण घेऊन उठला, तेव्हा पोरांचा आरडाओरडा गावापर्यंत गेला असेल. त्यानंतर पोरांनीच विचारलं, मग रोपं कुठं लावायची?

ग्रामसभेत मेंढका दादांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. धनगरवाड्यावरची माणसं पहिल्यांदाच सभेत उठून बोलली, की गायरान बंद झालं तर मेंढरं विकावी लागतील. खटावच्या ताईंचाही प्रतिसाद वाचला, कारण तोही गावाच्याच मनातला आहे. तासभर वाद झाला. ठरलं ते असं: माळावर जेसीबी नाही. रोपं ओढ्याच्या खालच्या काठी, पाणंदीला, शाळेत आणि वस्त्यांवर. ठिबकची नळी वस्त्यांवरच्या झाडांना. दाते थोडे नाराज आहेत, त्यांना एका जागी पाच हजारांचा फलक हवा होता. सरपंच त्यांच्याशी बोलणार आहेत. माळाचा ठराव मात्र एका वर्षापुरताच झालाय, पुढच्या वर्षी परत विषय येणार. आण्णांचं मत बदललेलं नाही. म्हणाले, "गवत काय, आपोआप उगवतं." नोंदवही कपाटात सापडली, माळाचं पान कोरंच होतं. त्यावर काम सुरू केलंय.

आता मूळ प्रश्नाचा राहिलेला अर्धा भाग: ओढ्याला आणि वस्तीला कोणती झाडं?

कडेपूरकर
ओढ्याला करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज. बांधाला बोर, बाभूळ, हिवर, मधून पांगारा. वस्तीला लिंब आणि चिंच. उंदीरमारी आली तर ट्रॅक्टर परत पाठवा.

गवताळ
ओढ्यातल्या ज्या डबक्यावर पखुर्ड्या उतरतात त्याच्या दोन्ही काठांना मात्र काही लावू नका. त्या उघड्या काठावरच उतरतात, आडोसा असला की बिचकतात. खड्डे ओढ्याकाठी असले तरी पहिल्या पावसानंतर, हातानं घ्या.

खटावची_लेक
वस्तीवरची झाडं कुणाच्या नावानं जगवायची ते बायकांना विचारून ठरवा. आमच्याकडं जी जगली ती त्यांनीच जगवली. आणि पाणंदीला झाडं लावताना अंतर असं ठेवा की डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जाता येईल.

मेंढका
बाभूळ आणि हिवराच्या बियांसाठी रोपवाटिकेत जाऊ नका. शेळ्या-मेंढरांनी शेंगा खाल्ल्या की वाड्यात रवंथाच्या जागेवर बिया पडतात. पोटातून गेलेलं बी लवकर रुजतं. चुलते मे महिन्यात तुमच्याच बाजूला असतात, पोतंभर बी लेंडीसकट देतील. कुठं पोचवायचं ते कळवा.